नसलेल्या पलटणीचा बिल्ला

शिवाजी पेठ, कोल्हापूर
७ ऑगस्ट

सुभेदार बाळासो यांना तातोबाचा रामराम.

आधी हे पत्र जो कुणी वाचून दाखवत असेल त्यालाही रामराम. बाळासोंचे डोळे अधू झालेत असं कळलं, म्हणून म्हणतो. मी त्यांच्या पलटणीतला. बर्फातल्या एका बंकरमध्ये आम्ही दोन हिवाळे एकत्र काढले. आता पेठेत शिवणकाम करतो, लोक तात्या म्हणतात. पत्रात भिण्यासारखं काही नाही, सावकाश वाचा.

बाळासो, शालूवहिनी गेल्याचं पेपरात वाचलं. मी त्यांना एकदाच बघितलं, तेही लांबनं. तू सुभेदार होऊन कायमचा घरी आलास, तेव्हा कागलच्या स्टँडपासून तुझी मिरवणूक निघाली होती. पुढं हलगी, मागं तू जीपमध्ये उभा, गुलालानं भुवयासुद्धा लाल. वहिनी ओवाळायला दारात आल्या होत्या. वाऱ्यानं निरांजन विझत होतं आणि त्या पदराचा आडोसा करत होत्या. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड होतो. रस चांगला होता. पुढं आलो नाही. त्यांच्या माघारी घर कसं झालं असेल याची कल्पना येते. वेळेवर जेवत जा.

आता पत्राचं कारण. परवा माझ्या हातून कापड चुकलं. मी सिनेमाच्या ड्रेपरीचं काम करतो, तुला माहीत नसेल. मावळे, दरोडेखोर, इन्स्पेक्टर, भालदार, सगळ्यांच्या अंगावर मीच कपडे चढवलेत. फौजी तर इतके शिवले की एक पलटण उभी राहील. सध्या इरावती नावाची एक मुलगी युद्धाचा सिनेमा करते आहे. दिग्दर्शक तीच. वय माझ्या मशीनपेक्षा कमी, पण तोंडानं खणखणीत. तिचा नायक शार्दूल, गडहिंग्लजकडचा पोरगा. माप द्यायला यायचा होता, त्याची एसटी चुकली. मी म्हटलं, जवानाचं माप ते काय असणार, बेतून ठेवू. टेप न बघता कात्री चालवली. पोरगा आला, शर्ट घातला, तर खांदे दंडावर लोंबायला लागले आणि गळपट्टीत अख्खी मूठ जाईल एवढी जागा.

"तात्या, कुणाचं माप घेतलासा?"

"चुकून जुनं आलं बघ हातात," मी म्हटलं.

ते माप तुझं होतं, बाळासो. त्या वेळचं. एकदा तुझा शर्ट उसवला होता, मी टाके घातले होते, त्यामुळं हातात राहिलं असावं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, म्हणून कळवावं वाटलं.

उत्तराची घाई नाही. प्रकृतीला जप.

तातोबा


२८ ऑगस्ट

बाळासो,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. "पत्र मिळाले. डोळ्याचे ऑपरेशन झाले. आता माझे मी वाचतो." पहिल्या दोन कुणीही कुणालाही लिहील. तिसरी तू माझ्यासाठी लिहिलीस. मशीन बंद करून समोरच्या टपरीवर गेलो आणि दोन चहा सांगितले. टपरीवाला म्हणाला, "दुसरा कुणाला, तात्या?" म्हटलं, "ठेव तिथं."

तर आता मोकळं लिहितो. शर्ट उसवला म्हणून माप हातात राहिलं, हे वाचणाऱ्यासाठी लिहिलं होतं. तुझे खांदे मोजायला मला टेप कधी लागली नाही.

इरावतीचा सिनेमा आपल्यासारख्या दोघांचा आहे. दोन जवान, एकमेकांवर जीव जडतो, कुणीतरी बघतं, त्यातल्या एकाचं कोर्ट मार्शल होतं. ती गोष्ट सांगत होती तेव्हा मी काजं करत होतो, सुई बोटात गेली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. तिला माझं काही माहीत नाही. पेठेत कुणालाच नाही.

गोष्ट ऐकल्यापासून मला सारखी भाकरी आठवते आहे. लंगरातल्या रोट्यांना वैतागून तू सुट्टीवरनं येताना जोंधळ्याचं पीठ आणलंस, ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. गोळ्यांच्या पेटीचं झाकण ही आपली पीठ मळायची काटवट आणि फावड्याचं पातं हा तवा. त्या थंडीत पीठ जुळायचं नाही, कडेला चिरा पडायच्या. मग तू सगळ्या कडेनं बोटं दाबत फिरायचास. तुझी करंगळी कबड्डीत मोडून वाकडी बसलेली, तिचा ठसा कायम तिरका पडायचा. पहिली भाकरी माझी. मी कडेकडेनं, एकेक ठसा घेत खायला लागलो की तू ओरडायचास, "आरं मधनं मोड की मर्दा, उंदरागत काय कुरतडतोस!" का कुरतडतो ते मी कधी सांगितलं नाही. आता तुला कळलं असेल.

आणि ती एकत्र मिळालेली सुट्टी. कोल्हापुरात युद्धाचा सिनेमा लागला होता. तू सोडा आणायला गेलास आणि मी तुझ्या खुर्चीवर रुमाल टाकून बसलो. एक दांडगा पैलवान आला.

"रुमाल उचल."

"माणूस येणार हाय."

"कवा?"

"येतोय की."

तो माझ्याकडं बघत उभा राहिला, मी पडद्याकडं बघत बसलो. पडदा अजून पांढराच होता. शेवटी त्यानं नाद सोडला आणि मागं जाऊन बसला. तू आलास, रुमाल उचलून खिशात घातलास, बसलास. शेवटी शेवटी नायकाचा दोस्त मेला आणि नायकानं त्याला छातीशी धरून असा हंबरडा फोडला की सगळं थेटर रडायला लागलं. तो पैलवान तर उपरण्यानं नाक पुसत होता. त्या अंधारात तू माझा हात धरलास. माझ्या मनात आलं, मेलेल्या दोस्ताला कवटाळलं तर सगळा गाव रडतो, जित्याचा नुसता हात धरायला आपल्याला दिवे जायची वाट बघावी लागते.

रुमाल तू परत दिला नाहीस. निळ्या कडेचा होता.

तातोबा


२१ सप्टेंबर

बाळासो,

तुझं काही आलं नाही. मी आपलं लिहितो.

इरावतीनं मला कोर्टाचा प्रसंग वाचून दाखवला. मोठा हॉल, पाच साहेब ओळीनं बसलेले, ढोल, नायकाचं पानभर भाषण, मग एक अधिकारी त्याच्या खांद्याचा बिल्ला टरकावून फेकतो. वाचून झाल्यावर म्हणाली, "तात्या, बिल्ल्याला कच्चा टाका घाला हं. एका झटक्यात फाटला पाहिजे."

माझ्या सगळ्या आयुष्यात मी कच्चे टाके याच कामासाठी घातलेत. सिनेमातल्या फौजेत शिक्षा म्हणजे फाडणं, ओरडणं, बूट आपटणं. मी मान डोलावली, पण माझ्या डोळ्यापुढं दुसरंच होतं. आपल्या पलटणीच्या सीओ साहेबांना सर्दी झालेली. फायलीशेजारी बशीनं झाकलेला चहा. कोर्ट म्हणजे ते एकटेच, बाजूला दोन साहेब नुसते बसायला. तुला साक्षीला बोलावलं, तू म्हणालास "मला काही माहीत नाही," तुला जायला सांगितलं. चहा गार व्हायच्या आत माझं आटोपलं. नोकरीतनं बडतर्फ आणि तीन महिने कोठडी. आवाजसुद्धा चढवला नाही कुणी. उठताना साहेबांनी नाक पुसत विचारलं, "बेटा, घर जाके क्या करेगा?" मी म्हटलं, "पता नहीं, साब." ते खरंच वाट बघत होते उत्तराची. मग मी सामान जमा करायला गेलो. एक मोजा कमी भरला. तिथला हवालदार म्हणाला, "राहू दे." एवढी एकच माफी मिळाली मला, एका मोज्याची.

कोठडीत पहारेकऱ्यांचे कपडे दुरुस्त करता करता शिवण शिकलो. उस्ताद कुणी नव्हता, उसवून बघायचं आणि परत शिवायचं.

इरावतीनं मला लॅपटॉपवर बाहेरदेशीचे युद्धाचे सिनेमेही दाखवले, थांबवून समजावून सांगत. आपल्याकडच्या सिनेमात असा जवान असलाच तर हसायला असतो. लचकत चालणारा आचारी, आणि त्याला बघून तोंड दाबणारा हवालदार. तिकडं बाहेर नाव घेऊन गोष्ट सांगतात, पण सांगून झाली की मारतात. एकाला त्याचीच माणसं भिंतीपाशी उभं करून गोळ्या घालतात. एक स्वतःच दोर बांधतो. एक शत्रूच्या गोळीसमोर मुद्दाम चालत जातो, आणि मग सगळे टोप्या काढतात.

"ह्यातला एकबी म्हातारा हुईत न्हाय व्हय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हातारा. गुडघं दुखणारा. आमच्यातला एकबी शेवटापतोर उरत न्हाय."

तिनं लॅपटॉप मिटला. माझ्या तोंडातनं काय निसटलं ते मला नंतर कळलं. तिला आधी.

"आमच्यातला?" ती हळूच म्हणाली.

मी टेप गुंडाळत बसलो. गुंडाळलेली परत उलगडली. ती म्हणाली, "चहा सांगू, तात्या?"

"सांग. साखर कमी."

चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं होतं. तुझं नाव सोडून. "एक होता" एवढंच म्हणालो.

तिच्या सिनेमाचा शेवट असा की बडतर्फ झालेला जवान नदीत चालत जातो आणि पाण्यावर टोपी तरंगते. मी म्हटलं, "नको मारूस गं त्याला."

"तात्या, लोक रडले पाहिजेत. तो जगला तर लोक म्हणतील, मग काय बिघडलं त्याचं?"

बिघडलं तर होतंच की. पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणवून घ्यायची सोय नाही, बडतर्फीच्या कागदावर तांबडी शाई. बिद्रीला घरी गेलो तर आई दारातच म्हणाली, "गावात सांगितलंय पायाला लागलं म्हणून. जरा लंगडत चल." दोन वर्षं मी आईसाठी लंगडलो, बाळासो. कधी डावा पाय, कधी उजवा, माझं मलाच ध्यानात राहायचं नाही. शेवटी कंटाळून कोल्हापूर गाठलं. पेठेत कुणी पायाकडं बघत नाही, तालमीची पोरं बघितली तर मिशांकडं बघतात. पण हे सगळं पडद्यावर दाखवलं तर कोण रडणार? नदीतली टोपी सोपी.

एक मजा सांगतो. या गोष्टीला फौजेकडून परवानगी मिळेल अशी आशा नव्हती, म्हणून इरावतीनं देशच काल्पनिक घेतलाय. नाव नाही, सीमा नाही. त्यामुळं गणवेश आपला चालत नाही, शेजाऱ्याचाही नाही. रंग मी ठरवला, शेवाळी आणि राखी यांच्या मधला. आणि खांद्यावरच्या बिल्ल्याचं चित्रही मीच काढलं. ज्या पलटणीतनं मला कुणी काढू शकत नाही अशी पलटण शिवायला मिळाली या वयात. इरावती म्हणाली, "सूर्य भारी काढलाय तात्या. पण एक किरण वाकडा का?" म्हटलं, "असू द्या."

माझं मागणं एकच आहे. सिनेमा पहिल्यांदा दाखवतील तेव्हा ये आणि माझ्या शेजारी बस. बस एवढंच.

तातोबा


९ ऑक्टोबर

बाळासो,

तुझं पत्र पोचलं. पेन दाबून लिहिलंयस, मागच्या बाजूनं अक्षरं हाताला लागतात.

"माझे नाव कुठेही येता कामा नये. गावात मला सुभेदार म्हणून मान आहे, माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष आहे. झाले गेले उकरू नकोस. त्या दिवशी मी जे बोललो ते तूच बोलायला सांगितले होतेस."

नाव आलेलं नाही, येणारही नाही. निर्धास्त राहा.

आणि हो, मीच सांगितलं होतं. दोघं बुडण्यापेक्षा एक बुडालेला बरा, आणि तुझं लग्न ठरलेलं. त्याबद्दल तुझ्यावर माझा राग कधी नव्हता. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आज मी सांगतो, आणि ते ओझं तू आता खाली ठेव.

पण बाळासो, "माहीत नाही" असं मी तुला एकदा म्हणायला सांगितलं होतं. जन्मभर म्हणत राहा असं सांगितलं नव्हतं. कागलहून पेठेत यायला एसटीला तासही लागत नाही. दर दिवाळीला दुकानाच्या दाराशी कुणी थांबलं की मी मान वर करायचो. गिऱ्हाईक असायचं. राग नव्हता, पण हे होतं.

रसाच्या गाड्याआडनं मी बघत होतो, तेव्हा तुझी जीप अगदी समोरनं गेली. तू गर्दीत कुणालातरी शोधत होतास. मला नसशील, पण मी तसं धरून चाललोय.

पत्र फाडलंस तरी चालेल.

तातोबा


३० नोव्हेंबर

बाळासो,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो, कारण जे झालं ते सांगायला मला दुसरं कुणी नाही.

कोर्टाच्या प्रसंगाचं शूटिंग माझ्याच गावाला निघालं, बिद्रीला, एका बंद शाळेत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू, मळीचा वास सगळीकडं. साहेबाचं काम करणारा नट बेळगावहून येणार होता, त्याची गाडी वाटेत बंद पडली. ऊन उतरत चाललेलं. इरावती माझ्याकडं बघायला लागली.

"तात्या, तुमच्या मिशा कर्नलच्या आहेत."

"गप."

"तुम्ही नको म्हणालात तरी चालेल. खरंच. मी उद्यावर टाकते."

ती विचारत होती ते नुसत्या कामाबद्दल नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, "आण तो शर्ट."

मी शिवलेला शर्ट, मी केलेली काजं, आणि मला एक काज सापडेना. शार्दूल पोरानं पुढं येऊन माझी बटणं लावली. "सायब, तुमीच शिवलायसा न्हवं?" म्हणून हसला. चाळीस वर्षांनी अंगावर गणवेश आला. मी दाराबाहेर आलो, तर कुंपणापाशी आमच्या शेजारची बायडाबाई, काठी टेकून. नव्वदीची असेल.

"तातोबा न्हवं का तू?"

"व्हय, बायडाक्का."

ती माझ्या चालण्याकडं बघत राहिली. "पाय बरा झाला व्हय रं तुझा?"

"झाला की."

"बरं झालं बाबा. तुझी आय लई काळजी करायची. आन् मोठा सायब बी झालास!"

मला तिच्या पाया पडायचं होतं, पण पँट घट्ट बेतली होती. हात जोडले.

आत पाच खुर्च्या, मधली माझी. समोर शार्दूल. मी कागदावरची शिक्षा वाचली. मोठ्यानं वाचायची होती, पण माझा आवाज आपोआप खाली गेला, आमच्या साहेबांचा होता तसा. मग तो अधिकारी बिल्ला फाडायला पुढं आला. त्यानं झटका दिला. निघेना. परत दिला. पोराचा अख्खा खांदा हलला, बिल्ला जागचा हलला नाही. कच्चा टाका घालायचं मी कबूल केलं होतं, बाळासो, पण हातानं दुहेरी शिवण घातली होती. मी मुद्दाम केलं की हातानं परस्पर केलं, देवाशप्पथ सांगता येणार नाही.

सगळे थांबले. कॅमेरा चालूच होता. माझ्या तोंडून गेलं, "राहू दे."

अधिकारी मागं झाला. शार्दूल माझ्याकडं बघायला लागला. यापुढं कागदावर काहीच नव्हतं. मी विचारलं, "घरी जाऊन काय करशील, बाळ?"

पोराला वाक्य दिलेलं नव्हतं. खांदा सारखा करत तो म्हणाला, "दोन म्हशी हायत, सायब. आय एकटी बघती. आता मी बघीन."

मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच गप्प झालं. मी मान हलवली. मला पुढं काही दिसेना.

इरावती "कट" म्हणायचीच विसरली. नंतर ती शाळेच्या पायरीवर बसली होती, वही मांडीवर मिटून. मी शेजारी बसलो.

"तात्या, ज्याला म्हशी बघायच्या आहेत त्याला मी नदीत कशी ढकलू?"

"मग न्हाय ढकलायचं."

"लोक रडणार नाहीत."

"रडतील गं. घरी गेल्यावर रडतील."

दुसऱ्या दिवशी म्हशी शोधायला माणसं पाठवली. आता शेवट असा आहे की तो म्हातारा झालाय, गोठ्यात बसून धार काढतो, आणि खुंटीवर जुना शर्ट टांगलाय, बिल्ल्यासकट. म्हाताऱ्याचं कामही मीच केलं, साहेब ओळखू येऊ नये म्हणून पांढरी दाढी चिकटवून. म्हशीनं लाथ मारली, तीही ठेवली आहे.

माझं साहेबांना द्यायचं उत्तर राहिलं होतं. पोरानं दिलं.

तातोबा


२२ फेब्रुवारी

बाळासो,

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता सिनेमा दाखवणार आहेत. पत्ता मागं लिहिलाय. मी तिसऱ्या रांगेत, कडेला. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवीन. कुणी उठवायला आलं तर काय म्हणायचं ते मला येतं.

तातोबा


३ मार्च

बाळासो,

दिवे गेले तरी खुर्ची रिकामी होती. दोघांनी विचारलं, "कुणी हाय का?" म्हटलं, "येतोय की." दुसरा जरा हसला. पडद्यावर नावं सुरू झाली आणि मी दाराकडं बघायचं सोडलं. म्हटलं, बास, जेवढं मिळालं तेवढं.

मग कुणीतरी रुमाल उचलला. खुर्ची करकरली. घोंगडीचा आणि आयोडेक्सचा वास आला. मी मान वळवली नाही, भीती वाटली की गिऱ्हाईक असेल. तू माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलंस. मी चाचपलं. धुऊन धुऊन विरलेलं कापड, आणि बोटाखाली कडेची शिवण. अंधारात रंग दिसत नव्हता, पण निळा आहे हे मला माहीत होतं.

तुझ्या पलीकडं तुझी नात बसली होती, अवंतिका. तिला बरोबर आणायला तुला काय करावं लागलं असेल ते मी विचारणार नाही.

आणि मग शार्दूलचा खांदा पडदाभर आला, बिल्ला थेट समोर. सगळं थेटर शांत. आणि तू, संघटनेचा अध्यक्ष, गावानं मान दिलेला सुभेदार, परेडवर ओरडावं तसा ओरडलास:

"आरं भाकरी हाय की रं ती! माजी भाकरी!"

पुढच्या दोन रांगा मागं वळल्या. इरावती उठून उभी राहिली. तिला आजपर्यंत तो सूर्य वाटत होता, आणि तुझ्या करंगळीचा ठसा वाकडा किरण. अवंतिका म्हणाली, "आबा, कसली भाकरी?" तू म्हणालास, "गप बघ. घरी गेल्यावर सांगतो." आणि माझा हात धरलास. मध्यंतरात दिवे लागले, तरी सोडला नाहीस. मीही सोडवून घेतला नाही. भडंग आणायला अवंतिकाच गेली.

तुझी शेवटची गाडी होती म्हणून बाहेर धड बोलणं झालं नाही. एवढंच म्हणालास, "म्हशीनं लई जोरात मारली काय रं?" गुडघा अजून दुखतो. या पायानं आता खरंच लंगडतोय, डावा, यात चूक नाही.

अवंतिकेला काय सांगितलंस ते कळव. सगळं सांगितलंस की थोडं, कसंही चालेल. आणि खांदे उतरलेत तुझे, मी अंधारातसुद्धा बघितलं. एक शर्ट बेततो, पण या वेळी माप घेऊन.

माझा जुना रुमाल मला मिळाला. खुर्चीवरचा नवा मात्र तू खिशात घालून गेलास, सवयीनं. तो न्यायला मी कागलला येऊ, का तू आणून देतोस?

तुझा
तातोबा